पंच्याहत्तर रुपये

आमच्या हिंजवडीत एखाद्याचा मुलगा पदवीधर झाला की पूर्वी पेढे गावभर जात. आता ते आळीपुरते जातात. कारण पदवीधर उदंड झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस एमआयडीसीने येथल्या जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, आणि म्हातोबाच्या बगाडासाठी एके काळी माहीत असलेले हे मुळशी तालुक्यातले गाव देशभरच्या पदवीधरांचे मुक्कामाचे ठिकाण होऊन बसले. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांतून गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली पोरे उतरतात, ती पाहिली म्हणजे वाटते, यांच्यापुढे 'पुढे काय' हा प्रश्न उरलेलाच नाही. पण तो प्रश्न असा सहजासहजी सुटणारा नव्हे, हे मला गेल्या वर्षीच्या जून महिन्यात कळले.

माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन शाळेत आला. हातात दोन कागद होते. एक कंपनीचे नेमणूकपत्र, दुसरा एम. एस्सी.च्या प्रवेशाचा. त्याला गणित शिकायचे होते आणि पुढे शिकवायचे होते. घरची जमीन गेलेली, तिचे पैसे बहिणींच्या लग्नात आणि घराच्या बांधकामात सरलेले. आई बाकावर अंग चोरून बसली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच सांगा ह्याला. मला ह्याचं बोलणं कळत नाही."

त्यावर चिरंजीव म्हणाले, "सर, आगरकरांचं पत्र तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

मी गप्प झालो. आगरकरांनी एम. ए.च्या परीक्षेच्या सुमारास आपल्या आईला लिहिलेले ते पत्र महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांनी वाचलेले आहे. मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा होत आहेत, आता त्याला मोठी नोकरी लागेल आणि आपले दिवस पालटतील अशी आशा तू धरली असशील. पण ती सोडून दे, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, असा त्याचा आशय. हे पत्र मी वर्गात दरवर्षी छाती फुगवून सांगत आलो. ते लिहिणाऱ्याकडेच माझे लक्ष असे. ज्या बाईच्या हाती ते पडले तिच्याकडे मी कधी पाहिलेच नव्हते. आणि आता तशीच एक बाई माझ्यासमोर बाकावर बसली होती.

पदवीचा उंबरठा मी स्वतः ओलांडलेला नाही, त्यामुळे अनुभवाचा सल्ला माझ्याजवळ नव्हता. इतिहास तेवढा होता. त्या दोघांना मी जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने लिहितो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्या काळी पदवीधर म्हणजे सरकारच्या कोठारातला सोन्याचा दाणा. पगार शेकड्यांनी मोजायचा आणि मान त्याहूनही मोठा. भल्या घरातल्या मुलाने बी. ए. व्हावे, एल्एल्. बी. व्हावे, मग मुन्सफी नाहीतर मामलेदारी गाठावी, ही वाट मळून पक्की झाली होती. रानड्यांसारख्यांनी सरकारी नोकरीत राहूनही डोंगराएवढी कामे केली, तेव्हा त्या वाटेला नावे ठेवण्याचे कारण नाही.

अशा दिवसांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोन तरुण एकत्र आले. दोघांचाही जन्म १८५६ सालचा, तोही त्याच जुलै महिन्यातला. बाळ गंगाधर टिळक रत्नागिरीचे, शिक्षकाचे चिरंजीव. वडील वारले असले तरी खाऊनपिऊन सुखी. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे शिक्षणासाठी दारोदार हिंडलेले. कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवायचा, असे सांगतात. हे दोघे फिरावयास जात आणि तासन् तास वाद घालीत. आधी समाज की आधी राज्य, हा त्यांचा पुढे आयुष्यभर पुरलेला वाद तिथलाच. परंतु एका गोष्टीवर मतभेद नव्हता: सरकारी नोकरी करावयाची नाही, शाळा काढावयाची.

आता दोन विद्यार्थ्यांनी माळावर बसून शाळा काढली तर ती माळावरच राहते. ती गावात आणली तिसऱ्याने. विष्णुशास्त्री चिपळूणकर या दोघांहून सहा वर्षांनी वडील, १८७४ पासून 'निबंधमाला' चालवणारे, सरकारी शाळेत शिक्षक. ही नोकरी त्यांनी १८७९ साली सोडून दिली आणि स्वतःची शाळा काढण्याचा बेत जाहीर केला. हे कळताच टिळक आणि आगरकर त्यांच्याकडे गेले. त्या वेळी टिळकांच्या हाती नुकतीच कायद्याची पदवी पडली होती. वकिलीची पाटी लावायची तेवढी बाकी होती. ती लागली नाही. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी हे प्रारंभीचे. वामन शिवराम आपटे लवकरच आले, आणि आगरकर एम. ए. आटोपून १८८१ साली. त्याच जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. एवढे होते न होते तोच १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले, आणि त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांची ही पहिली दोन-तीन वर्षे! टेंभूच्या त्या माउलीने मुलाच्या मोठ्या परीक्षांचे फळ म्हणून तुरुंग पाहिला.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. येथे आजीव सभासदांचा नियम आला: वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि दरमहा ७५ रुपयांवर संतोष मानावयाचा.

या ७५ रुपयांविषयी आमचे वक्ते फार हळहळतात. जणू ही माणसे भुकेने मरत होती! तसे नव्हते, आणि हे समजण्यासाठी दुसऱ्या एका घरात डोकवावे लागते. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली कोतळूकला जन्मले. १८७९ साली वडील वारले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि कागल येथे १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते गोपाळाला शिकण्यासाठी धाडीत आणि सात रुपयांत घर चालवीत. गोपाळही त्या आठ रुपयांचा पैन् पै हिशेब ठेवी. म्हणजे पंच्याहत्तर हा आकडा गोविंदरावांच्या पगाराच्या पाचपट झाला. ज्या घराने पंधरा पाहिले त्याला पंच्याहत्तर ही श्रीमंतीच. त्याग होता तो हाती असलेल्या पैशांचा नव्हे, तर पुढे वाढत जाणाऱ्या पगाराचा. विशीतल्या मुलाला पंच्याहत्तर पुरतात. चाळिशीत, मुलेबाळे झाल्यावर आणि दुखणी मागे लागल्यावरही ते पंच्याहत्तरच राहावयाचे, यात खरी गोम होती.

हेच गोखले १८८४ साली अठराव्या वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपल्याला वाटते, त्यांना जन्मतःच वाट दिसत होती. गोखल्यांना मुळीच दिसत नव्हती. ते इंजिनियरिंगच्या वर्गात जाऊन बसले, तेथे मन रमेना; कायद्याचा अभ्यास धरला; मग न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, तेही आधी कायमचे म्हणून नव्हे. टिळक-आगरकरांच्या सहवासात मन तिकडे ओढू लागले, तेव्हा आजीव सभासद होण्याआधी त्यांनी थोरल्या भावाची संमती मिळवली. ज्याने आठ रुपये धाडले त्याला विचारल्यावाचून वीस वर्षे परस्पर देऊन टाकणे त्यांना बरे वाटले नाही. गोविंदरावांना वकील किंवा मोठा अंमलदार झालेला भाऊ पाहावयाचा असणार. तरी त्यांनी होय म्हटले. १८८६ साली गोखले सभासद झाले. मला स्वतःला, आगरकरांच्या पत्राइतकीच ही विचारपूस थोर वाटते. पण ती कुठल्या पुस्तकात धडा म्हणून माझ्या वाट्याला आली नाही.

हे ऐकताना आईने मान वर केली. "भावानं वहिनीला विचारलं असंल का?" तिने मला विचारले. गोखल्यांच्या शिक्षणासाठी वहिनींचे दागिने विकल्याची हकीकत सांगतात. ती मी तिला सांगितली. तिने नुसता हुंकार दिला.

आता या कथेचा कडू भाग. शपथ घेतली त्या दिवशी सगळे एकदिलाचे होते. पाच-सात वर्षांत घरे वाढली, खर्च वाढले, आणि पंच्याहत्तर रुपये बोलू लागले. काही सभासदांचे म्हणणे, पगार वाढवावा. बाहेर पुस्तके लिहून, शिकवण्या करून दोन पैसे मिळवले तर काय बिघडले? टिळकांचे म्हणणे, जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सारा वेळ आणि सारे श्रम संस्थेचे. बाहेरची मिळकत घ्यावयाची तर शपथेला अर्थ काय? तशात 'केसरी'तल्या मतभेदांचे विष मिसळले. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. अखेर गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, त्यावर ठिणगी पडून १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. शाळा ज्यांनी उभी केली त्यांतलाच एक शाळा सोडून गेला, आणि तोही शपथ फार कडक पाळावी असे म्हणणारा!

याचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही. पण शिक्षकाच्या घरात वाढलेल्या माणसाला एवढे कळते की टिळकांचे तत्त्व शुद्ध होते आणि इतरांची वाणसामानाची यादीही खोटी नव्हती. आगरकर दम्याने पोखरलेले, लोकांच्या शिव्या खाणारे. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९२ साली आपटे वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि जून १८९५ मध्ये, चाळिशीच्या आत, गेले. पंच्याहत्तरांतून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी बाजूला बांधून ठेवले होते, असे सांगतात. त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी 'केसरी'त लिहिला; लिहिताना डोळ्यांचे पाणी खळत नव्हते, अशी आठवण आहे. माळावरचा तो वाद तिथे संपला.

टिळकांच्या जागी गणित शिकवावयास १८९१ साली गोखल्यांनी धोंडो केशव कर्व्यांना मुंबईहून बोलावले. मुंबईत कर्वे दोन-तीन शाळांतून शिकवून बरे मिळवीत होते. ते सोडून पंच्याहत्तरांवर आले, आणि पुढे स्त्रीशिक्षणाचे काम याच पगारात बसून सुरू केले. त्यानंतर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झालेले ते पहिले हिंदी. सरकारात मोठी जागा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. ते परत आले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पगार पंच्याहत्तरच! रँग्लरचे नाव ऐकताच माझ्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले. गणितवाल्यांचे हे असेच असते.

मात्र ही सगळी निवड कुणासाठी खुली होती, हेही त्याला सांगणे भाग होते. कॉर्नेलिया सोराबजी याच डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. गुणांच्या जोरावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. स्त्री म्हणून नाकारली गेली. त्या अहमदाबादच्या कॉलेजात शिकवू लागल्या, आणि नंतर इंग्लंडातल्या स्नेह्यांच्या मदतीने १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली तिथली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली १९२२ साली. सरकारी नोकरी नाकारण्याचा मान त्यांना कुठून मिळावा?

आणि हिंजवडीसारख्या गावाचे काय? ज्या १८८२ साली टिळक-आगरकर तुरुंगात होते त्याच साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. त्यांचे म्हणणे सरळ होते: सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, आणि खर्च होते ती वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर; कुणब्याच्या पोराला आधी गावात सक्तीची प्राथमिक शाळा द्या. एका घरात मुलगा सरकारी नोकरी लाथाडीत होता तेव्हा आमच्या शिवारातल्या बहुतेक पोरांच्या हाती पाटीही आली नव्हती. माझ्यासमोर बसलेला मुलगा त्या पोरांचा पणतू. त्याच्या घरातली ही पहिली पदवी. पहिल्या पदवीकडून घर फार मागते, आणि त्यात घराची चूक नाही.

एवढे सांगून मी थांबलो. मुलगा जरा हिरमुसला. त्याला वाटले होते मी पत्राची बाजू घेईन. मी फळ्याखालून एक कोरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "आगरकरांची आई दूर होती, म्हणून त्यांना पत्र लिहावे लागले. तुझी शेजारी बसली आहे. घरखर्च लिही."

दोघे बाकावर वाकून बसले. दूध, वाणी, वीज, आजीची औषधे, धाकट्याची फी. आई आकडे सांगे, तो मांडी. दोन ठिकाणी ती म्हणाली, "हे कमी होईल," आणि एका ठिकाणी तो म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं." शिपायाने वर्ग बंद करावयाचा म्हणून किल्ल्या वाजवल्या तरी ती उठली नाहीत.

आठवड्याने तो एकटा आला. एम. एस्सी.ला नाव घातले होते, आणि संध्याकाळी वाकडला दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या धरल्या होत्या. कंपनीला नकार कळवला होता. आईने मुदत घातली आहे, म्हणाला. वीस वर्षांची नव्हे, दोन वर्षांची. त्यातले हे दुसरे चालू आहे.