इंग्लंडातील ‘पब्लिक हाउस’चा अस्त



दारूबंदीच्या चळवळीने ज्या प्रांताचे सार्वजनिक जीवन घडवले, त्या प्रांतातल्या व्याख्यानमालेत इंग्लंडातील पब बंद पडत असल्याची कहाणी सांगणे काहींना विचित्र वाटेल. गुत्ते बंद पडले, बरे झाले. त्यात सांगण्यासारखे काय, असा प्रश्न कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे. मद्यपानाने इंग्लंडातील कष्टकऱ्यांचे संसार उद्ध्वस्त केले, हे तेथील सुधारकांनीच शतकभर पुराव्यानिशी मांडले आहे, आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला संस्थेचा उदय जसा पाहावा लागतो, तसा तिचा अंतही पाहावा लागतो. पबच्या अंतात एक गोष्ट अशी आहे की जिचा दारूशी संबंध थोडा आणि समाजाशी फार.

आपल्याकडे ‘पब’ म्हटले की मोठ्या शहरातली झगमगती, कानठळ्या बसवणारी जागा डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द ‘पब्लिक हाउस’, म्हणजे लोकांसाठी उघडे ठेवलेले घर. मध्ययुगीन इंग्लंडात जवाची ‘एल’ ही सौम्य दारू घरोघर गाळली जाई आणि ती बहुधा बायका गाळीत. जिच्याकडे घरापुरते भागून उरे, ती दारावर खूण लावून ते विकी. दुसऱ्या रिचर्डच्या अमदानीत, १३९३ साली, अशा विक्रेत्यांनी पाटी लावलीच पाहिजे असा दंडक झाला. ‘रेड लायन’, ‘क्राउन’ असली चित्रे रंगवलेल्या पाट्यांची परंपरा त्यातूनच पुढे वाढली, कारण वाचता न येणाऱ्या माणसालाही चित्र कळते. १५५२ च्या कायद्याने परवाना आला आणि तो देण्याचा अधिकार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या स्थानिक न्यायाधिकाऱ्यांकडे गेला. १५७७ मध्ये सरकारने मोजदाद केली तेव्हा, मोजलेल्या परगण्यांपुरतीच, चौदा हजारांहून अधिक एलहाउसे भरली.

या घरांत काय चाले, हे पाहिले म्हणजे आपल्या लक्षात येते की आपण केवळ गुत्त्याविषयी बोलत नाही. आपल्या खेड्यात चावडी, पार, धर्मशाळा आणि देवळाचा सभामंडप यांनी जी कामे वाटून घेतली, त्यांतली बरीच इंग्लंडात एका छपराखाली होत. गावात कोणी संशयास्पद रीतीने मेला तर कॉरोनरची मृत्युचौकशी पबच्या खोलीत भरे. कामाच्या शोधात गावोगाव हिंडणारा सुतार किंवा शिंपी आपल्या धंद्याच्या ठरलेल्या पबमध्ये उतरे. तेथे त्याला अंथरूण मिळे आणि कोणाकडे काम आहे ही बातमीही मिळे. आजारपणासाठी आणि मर्तिकासाठी दर आठवड्याला चार पेन्स बाजूला टाकणाऱ्या मजुरांच्या मंडळ्या, ज्यांना ‘फ्रेंडली सोसायटी’ म्हणत, त्यांच्या सभा पबच्या माडीवर होत. मजुरीचे वाटपसुद्धा तेथेच होई, आणि मजुरीचा मोठा भाग तेथेच राही. म्हणून १८८३ साली पबमध्ये पगार वाटण्यास कायद्याने बंदी करावी लागली. फुटबॉलच्या खेळाचे नियम बांधणारी संस्था १८६३ साली लंडनच्या एका टॅव्हर्नमध्येच जन्मली. पिणे हे या साऱ्याचे निमित्त होते आणि भाडेही होते. सभेसाठी खोली फुकट मिळे. मोबदला एवढाच, की सभासदांनी पेला रिकामा ठेवू नये.

या घरांची संख्या फुगली ती एकोणिसाव्या शतकात. १८३० साली वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळाने कायदा केला की, घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी देऊन बिअर विकता यावी. जिनसारख्या कडक दारूपासून लोकांना सौम्य बिअरकडे वळवावे आणि परवाने देणाऱ्यांची मक्तेदारी मोडावी, असा त्यामागचा विचार होता. काही महिन्यांतच वीस हजारांवर नवी दुकाने उघडली. १८६९ साली हा मोकळेपणा आवरावा लागला. परवाने दुर्मीळ झाले तशी त्यांची किंमत चढली. मग बिअरचे कारखानदार भाग विकून भांडवल उभारू लागले आणि त्या भांडवलातून पब विकत घेऊ लागले. ज्याचा पब त्याचीच बिअर, अशी ‘बांधील’ पबची पद्धत सर्वत्र रूढ झाली. शतक संपताना इंग्लंड आणि वेल्समध्ये असे सुमारे एक लाख परवाने होते.

येथून पुढे संख्या उतरू लागली. पण पहिली उतरण आणि नंतरची उतरण यांत मोठा फरक आहे. पहिली उतरण सरकारने बुद्धिपुरस्सर घडवली. १९०४ च्या कायद्याने गरजेपेक्षा जास्त असलेले पब बंद करून मालकांना भरपाई देण्याची सोय केली, आणि भरपाईचा पैसा उरलेल्या परवानेदारांकडूनच वसूल केला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले उत्पादन टिकावे म्हणून पब उघडे ठेवण्याचे तास दिवसाला साडेपाचांवर आणले गेले. युद्ध संपले तरी दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम राहिला, तो १९८८ पर्यंत. याहून धाडसी प्रयोग कार्लाइल येथे झाला. जवळच ग्रेटना येथे दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता. तेथल्या कामगारांच्या मद्यपानाला आळा घालण्यासाठी सरकारने १९१६ साली त्या भागातील बिअरचे कारखाने आणि पब स्वतःच विकत घेतले, आणि पगारी व्यवस्थापकांकरवी चालवले. ज्याला विक्री वाढवण्यात फायदा नाही असा माणूस गल्ल्यावर बसवावा, जेवणाची सोय करावी, अंधाऱ्या खोल्या पाडून प्रशस्त दालने बांधावीत, हे त्याचे सूत्र. हा सरकारी कारभार १९७३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा दशके चालला.

इतके घाव सोसूनही पब जिवंत राहिला. १९३० च्या दशकात परवान्यांची संख्या पाऊण लाखाच्या आसपास आली होती. पण त्याच दशकाच्या अखेरीस ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेच्या निरीक्षकांनी बोल्टन या गिरणगावाची पाहणी केली, तेव्हा त्यांना आढळले की घरे आणि कामाच्या जागा सोडल्या, तर इतर कोणत्याही इमारतीपेक्षा जास्त माणसे जास्त वेळ पबमध्ये घालवतात. देऊळ, चित्रपटगृह, राजकीय सभा या साऱ्यांचा क्रमांक त्यानंतर लागे.

मग हे घर कोसळले कशाने? माझे म्हणणे असे की, पब गिऱ्हाइकांनी रिकामा होण्याच्या पुष्कळ आधी तो कामांनी रिकामा झाला होता. दुसरी सोयीची जागा असेल तेथे मृत्युचौकशी पबमध्ये घेऊ नये, असे १९०२ साली ठरले. १९१० पासून सरकारी रोजगार कचेऱ्या उघडल्या. कामाची बातमी तेथे मिळू लागली. १९११ च्या विमा कायद्याने आजारपणाची तरतूद राज्याच्या छत्राखाली आणली आणि १९४८ मध्ये फ्रेंडली सोसायट्यांचा त्यातला वाटाही संपला. ही प्रत्येक सुधारणा इष्टच होती. चार पेन्सची हमी मिळवण्यासाठी माणसाला बिअर प्यावी लागू नये, हे कोण अमान्य करील? पण एकेक काम निघून गेले आणि शेवटी पबजवळ दोनच गोष्टी उरल्या: पेला आणि गप्पा. त्यांतला पेला घरी नेता येतो.

तो घरी गेलाही. १९६० नंतर किराण्याच्या मोठ्या दुकानांत स्वस्त बिअर मिळू लागली. घरात दूरचित्रवाणी आली, उबेची सोय आली. १९६७ मध्ये वाहनचालकांच्या श्वासाची तपासणी सुरू झाली. ती योग्यच होती, पण दूरच्या वस्त्यांतून मोटारीने येणाऱ्यांवर विसंबलेल्या खेड्यातल्या पबला ती जड गेली. शंभर माणसे बाहेर पीत त्यांतली किती घरी पिऊ लागली, ते यावरून समजावे की २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील निम्म्याहून अधिक बिअर पबबाहेरच्या दुकानांतून विकली जाऊ लागली होती.

याच काळात मालकही बदलले. सहा मोठे कारखानदार बहुसंख्य पब बाळगून आहेत, ही मक्तेदारी मोडली पाहिजे, असे ठरवून सरकारने १९८९ साली हुकूम काढला. दोन हजारांहून अधिक पब ज्याच्याकडे आहेत, त्याने वरच्या संख्येपैकी निम्मे १९९२ पर्यंत बंधनातून सोडावेत, असा तो होता. हेतू चांगला होता. फळ उलटे आले. कारखानदारांनी पब विकले आणि ते घेतले नव्या कंपन्यांनी. या कंपन्या स्वतः बिअर गाळीत नव्हत्या. त्या कर्ज काढून हजारो पब घेत, चालकाकडून भाडे घेत आणि शिवाय आपल्याकडूनच चढ्या दराने बिअर घेण्याची सक्ती करीत. जुन्या कारखानदाराला पब हवा असे, कारण तेथे त्याची बिअर खपे. नव्या मालकाच्या वहीत तो पब म्हणजे एक मिळकत होती, आणि त्या मिळकतीवर घर बांधले तर ती अधिक किंमत देणार होती. २००७ च्या जुलैपासून इंग्लंडात बंद जागेत धूम्रपानाला मनाई झाली, २००८ पासून काही वर्षे बिअरवरचा कर महागाईपेक्षा वेगाने चढत गेला, त्याच वर्षी आर्थिक अरिष्ट कोसळले आणि २० मार्च २०२० रोजी साथीमुळे देशातील सारे पब एका संध्याकाळी बंद झाले. १९८० च्या सुमारास संपूर्ण ब्रिटनमध्ये सुमारे ६९ हजार पब होते, २००० साली सुमारे ६१ हजार आणि २०२० च्या सुमारास सुमारे ४७ हजार. शहरात एक पब मिटला तर दुसरा चार पावलांवर असतो. खेड्यात मात्र शेवटचा पब मिटतो तेव्हा बहुधा दुकान आणि टपालकचेरी आधीच मिटलेली असते.

या घराचे गुणगान करताना एक सत्य विसरता येणार नाही. ‘पब्लिक’ या शब्दात सगळे लोक कधीच बसत नव्हते. नवऱ्याने पगार तेथे उडवला तर उपाशी राहणारी बायको त्याच्या दाराबाहेर उभी असे; लंडनच्या एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना गल्ल्यापाशी उभे राहून पेला मिळावा यासाठी १९८२ साली न्यायालयाचा निकाल लागला. कातडीच्या रंगावरूनही दार बंद होई. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक या गावात हिंदी कामगारांना पबच्या काही खोल्यांत मज्जाव होता. तेथील हिंदी कामगार संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला; तिच्याच निमंत्रणावरून फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स त्या गावी आले. त्याच वर्षी कायद्याने सार्वजनिक जागांतील वर्णभेद निषिद्ध ठरवला. पुढे त्याच परिसरातले बंद पडू पाहणारे कित्येक पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले आणि बिअरबरोबर तंदुरी पदार्थ देऊन सावरले. ज्यांना आत घेतले नाही, त्यांनीच घर राखले.

राखण्याचे इतरही प्रयत्न झाले. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या चिमुकल्या गावाने २००३ साली सहकारी संस्था काढून आपला ‘ओल्ड क्राउन’ विकत घेतला. २०११ च्या कायद्याने इंग्लंडात अशी वास्तू ‘समाजाची ठेव’ म्हणून नोंदवण्याची आणि ती विकायला निघाली तर पैसा उभारण्यास गावाला मुदत देण्याची सोय झाली. २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला रीतसर परवानगी लागते. स्टॅफर्डशायरमधील हिमली येथील ‘क्रुकेड हाउस’ हा कललेल्या भिंतींचा पब २०२३ च्या ऑगस्टमध्ये, विकला गेल्यावर थोड्याच दिवसांत, आगीत सापडला आणि दोन दिवसांत परवानगीशिवाय पाडला गेला. तेव्हा देशभर संताप उसळला, आणि पुढच्या फेब्रुवारीत स्थानिक मंडळाने तो पूर्ववत बांधण्याचा हुकूम दिला. भिंती पुन्हा बांधता येतील. त्या कोणत्या कामासाठी उभ्या होत्या, हा प्रश्न मात्र हुकमाने सुटत नाही.

हेस्केटसारखी जी गावे टिकली, त्यांचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे आहे. तेथे गावकऱ्यांनी बिअरचा गल्ला मोजून निर्णय घेतला नाही. संध्याकाळी एकमेकांना भेटण्याची जागा आपल्याला हवी की नको, एवढे विचारले आणि हवी म्हणून पैसे मोजले. न्यायाधिकाऱ्यांनी परवाने मोजले, सुधारकांनी पेले मोजले, कारखानदारांनी पिंपे मोजली, कंपन्यांनी जमिनीचा चौरस फूट मोजला. त्या खोलीत बसलेली माणसे कोणाच्याच वहीत नव्हती. आपल्याकडच्या पारावर, चावडीत आणि तालमीत बसणारी माणसेही कोणत्या वहीत लिहिलेली नाहीत. आपल्या पारावर दारू नव्हती, हे आपले भाग्य. पण पाराचीही कामे एकेक करून उठून कचेरीत, बँकेत आणि घरातल्या पडद्यावर गेली आहेत. पार अजून तेथे आहे, त्याचा दगड शाबूत आहे, म्हणून आपण निश्चिंत असू, तर इंग्लंडातील गावेही आपल्या पबच्या पाटीकडे पाहून तशीच निश्चिंत होती, एवढे ध्यानात ठेवावे.