एमा मावशीचं दुकान

जर्मनीत गल्लीतल्या किराणा दुकानाला ‘एमा मावशीचं दुकान’ म्हणतात. मावशी गिऱ्हाइकाला नावानं ओळखायची, साखर तोलून पुडीत बांधून द्यायची.

एसेन हे कोळशाच्या खाणींचं शहर. तिथं १९१३ साली आना आल्ब्रेख्त या बाईनं असंच दुकान काढलं. नवरा आधी खाणीत कामाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या मुलांनी दुकान हाती घेतलं. लोकांच्या हाती पैसा कमी. भावांनी मोजकाच, रोज खपणारा माल ठेवला, सजावट टाळली आणि वाचलेल्या खर्चातून भाव उतरवले. १९६२ साली नाव पडलं ‘आल्डी’: आल्ब्रेख्तचा ‘आल’, डिस्काउंटचा ‘डी’. गिऱ्हाईक खोक्यातून आपल्या हातानं माल उचलू लागलं.

स्वस्ताई आली, गरिबाचं घर सावरलं, हे खोटं नाही. पण अशा मोठ्या दुकानांपुढे एमा मावश्यांची दुकानं एकामागून एक बंद पडली. आनाबाईंचंही मुळात तसलंच होतं की!

तिथं संध्याकाळी बऱ्याच घरांत स्वयंपाक नसतो. पाव, लोणी, चीज. नावच ‘संध्याकाळचा पाव’. रविवारी दुकानं बंद, म्हणून बाया शनिवारीच पिशवी भरून आणतात.