दिव्यांग अपत्यांचा कामगार-मृत्यू भरपाईतील हक्क (भारत)

कामावरच्या अपघाताने किंवा व्यवसायजन्य रोगाने कामगार दगावला, तर त्याच्या कमाईवर जगणाऱ्या दिव्यांग मुलामुलींना कायद्याने मिळणारी भरपाई किंवा मासिक लाभ. भारतात हा हक्क दोन वाटांनी येतो. कामगार राज्य विमा योजनेत (बोलीभाषेत ‘ईएसआय’) असेल, तर विमा महामंडळ दरमहा पैसे देते. नसेल, तर मालकाला एकरकमी भरपाई द्यावी लागते. एकाच मृत्यूबद्दल दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. विमाधारक कामगाराच्या घरच्यांना मालकावर भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही.

एकरकमी भरपाईचा कायदा जुना. ब्रिटनमधील १८९७ च्या कायद्याच्या धर्तीवर तो १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. विम्याचा कायदा १९४८ चा. हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतात, म्हणून कामगार न्यायालयांत १९२३ च्या तरतुदींचे नाव अजून काही वर्षे तरी ऐकू येईल.

अवलंबित कोण, याची यादी १९२३ च्या कायद्यात तीन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर विधवा, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई. त्यांना अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. दुसऱ्या पायरीवर अठरा वर्षे पूर्ण झालेला पण पंगू किंवा दुर्बल मुलगा वा मुलगी, आणि तीही मृत्यूच्या वेळी ‘पूर्णपणे’ अवलंबून असेल तरच. तिसऱ्या पायरीवर वडील, विधुर पती, अज्ञान भाऊ, विधवा सून वगैरे. त्यांना अंशतः अवलंबून असणेही पुरते.

ही रचना बारकाईने पाहिली की तिच्यातली विसंगती दिसते. धडधाकट वडिलांनी मुलाच्या पगारातून थोडीफार मदत घेतली असेल, तर तेवढे चालते. पण अंथरुणाला खिळलेल्या तिशीतल्या मुलाला बापाखेरीज दुसरा आधार नव्हता हे सिद्ध करावे लागते. अविवाहित मुलीला वयाची अट नाही, त्यामुळे ती दिव्यांग असो वा नसो, पहिल्याच पायरीवर बसते. म्हणजे दुसरी पायरी प्रत्यक्षात उरते ती प्रौढ मुलांसाठी आणि लग्न झालेल्या किंवा विधवा मुलींसाठी. नवऱ्याने टाकलेली, माहेरी परतलेली अपंग मुलगी हे तिचे नेमके उदाहरण. अपंगत्व किती असावे हे कायदा सांगत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील चाळीस टक्क्यांची अट इथे लिहिलेली नाही. प्रमाणपत्र हा चांगला पुरावा असतो, पण प्रश्न टक्क्यांचा नसून कमावण्याच्या असमर्थतेचा आणि अवलंबित्वाचा आहे.

रक्कम ठरते ती मृत कामगाराच्या वयावर. मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसारच्या गुणकाने गुणायचे; तिसाव्या वर्षी गुणक २०७.९८, पंचावन्नाव्या वर्षी १३५.५६. वेतन कितीही जास्त असले तरी हिशेबात महिना १५,००० रुपयेच धरतात (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,०००). त्यानुसार तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते, पंचावन्नाच्या कामगाराची १०,१६,७००. सूत्रामागचे तर्कशास्त्र सरळ आहे: जितकी कमाईची वर्षे गेली तितके पैसे. पण प्रौढ दिव्यांग मुलाचा बाप बहुधा पन्नाशी ओलांडलेलाच असतो. ज्याला सर्वांत दीर्घ काळ सांभाळावे लागणार, त्याच्या घरी सर्वांत लहान रक्कम येते. मुलाचे उरलेले आयुष्य या सूत्रात कुठेच मोजले जात नाही. संहितेनेही निम्मे वेतन गुणिले गुणक हीच पद्धत ठेवली आहे.

ही उणीव थोडीफार भरून निघते ती वाटपात. मृत्यूची भरपाई मालकाने थेट घरच्यांच्या हातात देऊन चालत नाही, ती आयुक्ताकडे जमा करावी लागते (महाराष्ट्रात हे काम बहुधा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात, संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’). तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी मालक परस्पर देऊ शकतो. वाटणी समसमान असावी असे बंधन नाही. योग्य वाटल्यास सगळी रक्कम एकाच अवलंबितालाही देता येते, म्हणून दिव्यांग मुलाला मोठा हिस्सा मागायचा तर तो इथेच आणि याच टप्प्यावर मागावा लागतो. अज्ञान किंवा मनोविकल व्यक्तीचा हिस्सा आयुक्त बँकेत गुंतवून व्याज घरखर्चाला सोडू शकतो. पालक मुलाकडे दुर्लक्ष करतो असे दिसले, तर आधीचा आदेश बदलताही येतो. फारशी वापरात न येणारी ही तरतूद खरे तर सर्वांत मोलाची आहे.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील मुलासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. सज्ञान झालेल्या मुलाची आई आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही, हे अनेक घरांना बँकेच्या खिडकीपाशीच कळते.

दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे; सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्ताच्या निकालाच्या दिवशी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ मध्ये ठरवले. महिनाभरात पैसे न भरणाऱ्या मालकाला १२ टक्के सरळ व्याज आणि समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो.

विमा योजनेची वाट दिव्यांग मुलासाठी उघडच बरी. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तिच्यात येतात. मृत्यूनंतर वेतनाच्या ९० टक्के हा ‘पूर्ण दर’ धरून विधवेला त्याचे तीन पंचमांश आणि प्रत्येक मुलाला दोन पंचमांश मिळतात. बेरीज पूर्ण दराबाहेर गेली तर सर्वांचे हिस्से प्रमाणात घटतात. विधवा आणि दोन मुले असतील तर तिला तीन सप्तमांश, मुलांना प्रत्येकी दोन सप्तमांश. मुलाचा लाभ पंचविसाव्या वर्षी थांबतो (२०१० पूर्वी अठराव्या). पण मृत्यूच्या वेळी तो दुर्बल आणि पूर्णपणे अवलंबून असेल, तर दुर्बलता टिकेल तोवर लाभ चालू राहतो, म्हणजे बहुधा आयुष्यभर. मुलीला हीच सवलत आहे, मात्र ती अविवाहित असेपर्यंतच. लग्नाने तिची दुर्बलता जात नाही, लाभ मात्र जातो.

अपघाताशी संबंध नसलेला तिसरा आधार भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ चा. सभासदाचा मृत्यू कशानेही झाला तरी कायमच्या व संपूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची आणि मुलांच्या संख्येची अट न लावता निवृत्तिवेतन मिळते: विधवेच्या रकमेच्या २५ टक्के, आईवडील दोघेही नसतील तर ७५ टक्के. सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना अनुक्रमे २५० आणि ७५० रुपये आहे.