चार आणे पीक, पण ठरवलं कोणी?

शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर संशोधन करायचं ठरवलं की आपण आधी रकमा गोळा करतो. किती कोटी वाटले, किती हेक्टर, किती लाभार्थी. माझं सांगणं एवढंच की रकमेच्या आधी अजून एक आकडा असतो, तो शोधा. पीक किती बुडालं हे सांगणारा आकडा. मदत त्याच्यावर ठरते आणि भांडणही त्याच्यावरच होतं.

१९१८चा खेडा सत्याग्रह आपण शाळेत वाचलेला असतो. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९१७च्या अतिवृष्टीने पिकं गेली. रोख मदत हा प्रकार तिथे नव्हता. दिलासा म्हणजे साऱ्याची तहकुबी. नियम असा की पीक चार आण्यांच्या आत, म्हणजे रुपयात पाव हिश्श्याहून कमी असेल, तर त्या वर्षीची वसुली पूर्ण थांबवावी. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. महसूल अधिकारी म्हणाले, बहुतेक गावांत जास्त आहे.

शेतं तीच, पीकही तेच. मग फरक कुठून आला? सोळा आणे पीक कशाला म्हणायचं आणि मोजायचं कोणी, यातून. लोकांनी पंच नेमण्याची मागणी केली, सरकारला ती रुचली नाही. गांधीजी, वल्लभभाई आणि सहकारी गावोगाव फिरून स्वतः आकडे जमवू लागले. २२ मार्चला नडियादला सत्याग्रह सुरू झाला. जूनमध्ये तो संपला तेव्हा ठरलं ते असं: ऐपत असलेल्यांनी सारा भरावा, गरिबांची वसुली तहकूब. तोवर जप्तीत कित्येकांची गुरं गेली होती.

आता महाराष्ट्राकडे या. १९५७ला दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली, तरी गावात अजून ‘आणेवारी’ हाच शब्द ऐकू येतो. पैसेवारी ५० पैशांच्या आत असेल, तर महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, परीक्षा शुल्क माफी अशा सवलतींचा रस्ता उघडायचा. पण एकाच गावाची पैसेवारी तीनदा निघते: नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. तुमच्या हातातला कागद यातला कोणता, हे आधी बघा.

थेट अनुदानाचं गणित वेगळं. तिथे पंचनामा होतो. पूर्वी ५० टक्के नुकसान लागायचं, २०१५मध्ये केंद्राने ते ३३ टक्क्यांवर आणलं. त्यामुळे २०१४ आणि २०१६च्या याद्या शेजारी ठेवून ‘लाभार्थी वाढले, म्हणजे आपत्ती वाढली’ असं लिहू नका. कदाचित फक्त उंबरठा खाली आला असेल.

शेवटचं. यादी सातबाऱ्यावरून बनते. तोंडी बोलीवर बटाईने जमीन कसणारा माणूस त्यात सहसा नसतो. बियाणं त्याचं, कर्ज त्याचं, पीकही त्याचंच वाहून गेलेलं, पण अनुदान जमीनमालकाच्या खात्यात. तुम्ही फक्त यादीवर विसंबलात तर तुमच्या प्रबंधातही तो नसेल. म्हणून तालुक्याच्या कचेरीतून यादी घेतलीत की एक दिवस गावात जा आणि विचारा, या गटात पेरलं कोणी होतं?