मत्स्यत्वचेतील कोलाजेन : टाकाऊ पदार्थापासून जैवसामग्रीपर्यंतचा प्रवास

प्रस्तावना :
'कोलाजेन' या संज्ञेच्या मुळाशी सरस या अर्थाचा 'कोला' हा ग्रीक शब्द आहे. स्टर्जन माशाच्या वाताशयापासून केलेला सरस युरोपात चित्रांच्या व हस्तलिखितांच्या कामी वापरला जाई. म्हणजेच माशातील हे द्रव्य मानवास नवे नव्हते. चिकटविण्याचे हे द्रव्य जखम भरून काढण्याचे साधन कसे बनले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रचनेचा उलगडा :
या इतिहासात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये कोलाजेनची तिपेडी रचना मांडली व १९५५ मध्ये ती सुधारली. त्यांच्या अभ्यासासाठी कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंध तेथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाला होता. तीन साखळ्या एकमेकींत गुंफल्या जाण्यासाठी प्रत्येक तिसऱ्या स्थानी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असावे लागते, हे या रचनेतून स्पष्ट झाले.

गुरांकडून माशांकडे :
वैद्यकातील कोलाजेन दीर्घकाळ प्रामुख्याने गाई व डुकरांपासून मिळे. १९८६ मध्ये ब्रिटनमधील गुरांत मेंदूचा घातक रोग ओळखला गेला आणि १९९६ मध्ये त्याचा माणसांतील रोगाशी संबंध जाहीर झाला. त्यामुळे गोजन्य पदार्थांविषयी साशंकता वाढली. धार्मिक निषेधांचा प्रश्न तर आधीपासूनच होता. माशाची कातडी हा पर्याय पुढे येण्यास ही पार्श्वभूमी कारणीभूत ठरली.

मात्र मार्ग सुकर नव्हता. मत्स्यकोलाजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन कमी असल्याने त्याची तिपेडी रचना कमी तापमानाला उलगडते. शीत समुद्रातील कॉड माशाच्या कोलाजेनची ही मर्यादा सुमारे १५ अंश सेल्सिअस, तर मानवी शरीराचे तापमान ३७ अंश ! यावर दोन उपाय निघाले : साखळ्यांना रासायनिक बंधांनी जखडणे, किंवा कोलाजेन वेगळे न काढता केवळ पेशी काढून कातडीचे मूळ जाळे राखणे.

दोन उदाहरणे :
दुसरा मार्ग आइसलँडमधील केरेसिस या कंपनीने स्वीकारला. तिच्या कॉडत्वचेच्या आच्छादनास २०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे मात्र प्रेरणा वेगळी होती. भाजलेल्या रुग्णांसाठी दान केलेली मानवी त्वचा तेथे अपुरी पडे, तर तिलापिया माशाची कातडी बहुतांशी फेकली जाई. सिआरा संघीय विद्यापीठातील संशोधकांनी ती निर्जंतुक करून थेट भाजलेल्या भागावर वापरली. ती जखमेला चिकटून राहत असल्याने वारंवार पट्टी बदलण्याच्या वेदना टळतात.

समारोप :
'टाकाऊ' हा पदार्थाचा स्वभाव नसून काळाने दिलेला दर्जा असतो, हे या इतिहासावरून दिसते. २०२३ मध्ये कोलोप्लास्ट या डॅनिश कंपनीने केरेसिस १३० कोटी डॉलरपर्यंतच्या मोबदल्यात घेण्याचे जाहीर केले. ही किंमत केवळ कातडीची नव्हे. ती शुद्धीकरण, रुग्णांवरील चाचण्या व मान्यता यांची आहे. रत्नागिरीसारख्या मत्स्यप्रक्रिया केंद्रांतही कातडी, खवले व काटे उरतातच. त्यांचे मोल वाढले, तर त्याचा वाटा मासळी पकडणाऱ्या व सोलणाऱ्या हातांपर्यंत पोहोचेल काय, हा प्रश्न विज्ञानाइतकाच समाजशास्त्राचा आहे. कोलाजेनची रचना उलगडण्यात अग्रेसर असलेल्या देशाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही.