चर्चची घंटा आणि नागरिकांची बंदूक

मेक्सिकोतील मिचोआकान हा लिंबांच्या बागांचा आणि पाइनवनांचा प्रांत. २०११ साली तेथे उदयास आलेल्या एका टोळीने ‘नाइट्स टेम्प्लर’ या मध्ययुगीन ख्रिस्ती वीरसंघाचे नाव धारण केले. नाव धर्मयोद्ध्यांचे आणि धंदा खंडणीचा! लिंबू बागाईतदारापासून दुकानदारापर्यंत कोणी सुटला नाही. अनेक ठिकाणी पोलीसच गुन्हेगारांना सामील होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये आपात्सिंगानचे महागुरुस्वामी मिगेल पातिन्यो यांनी जाहीर पत्र लिहून शासनयंत्रणा कोलमडल्याचे निर्भीडपणे सांगितले.

शासन रक्षण करीत नसेल, तर सामान्य माणसाने काय करावे? या प्रश्नाला एकाच प्रांतातून दोन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर चेरान या पुरेपेचा आदिवासींच्या गावाचे. टोळीच्या आश्रयाने लाकूडतोडे त्यांचे रान उजाड करीत होते. १५ एप्रिल २०११ रोजी, झावळ्यांच्या रविवारपूर्वीच्या शुक्रवारी, पहाटे स्त्रियांनी त्यांच्या गाड्या अडविल्या. चर्चची घंटा वाजली आणि गाव धावून आले. चौकाचौकांत शेकोट्या पेटवून रात्रंदिन पहारा सुरू झाला. गावाने पोलिसांना व राजकीय पक्षांनाही निरोप दिला. २०१२ साली चार वाड्यांच्या सभांनी निवडलेले बारा जणांचे मंडळ कारभार पाहू लागले. गस्तीचे पथक याच मंडळाला उत्तरदायी राहिले. या लढ्यात काही ग्रामस्थांनी प्राण गमावले. परंतु रानाची पुन्हा लागवड झाली.

दुसरे उत्तर २४ फेब्रुवारी २०१३ रोजी मिळाले. ला रुआना येथे लिंबू बागाईतदार इपोलितो मोरा, तर तेपाल्कातेपेक येथे डॉ. होसे मानुएल मिरेलेस यांच्या नेतृत्वाखाली नागरिकांनी बंदुका उचलल्या. गावामागून गाव मुक्त झाले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने खास आयुक्त पाठविला, करार केला आणि मे महिन्यात या पथकांना ‘ग्रामीण दला’चा गणवेश दिला. टोळीचे म्होरके मारले गेले वा पकडले गेले. पण टोळी सोडून आलेले अनेक जणही या पथकांत शिरले होते. नोंदणी नाकारणाऱ्या मिरेलेस यांना जूनमध्ये अटक झाली. डिसेंबरमध्ये ला रुआना येथे दोन गट परस्परांवरच तुटून पडले. त्या चकमकीत अकरा जण ठार झाले. त्यांत मोरा यांचा तरुण पुत्रही होता. पुढे २९ जून २०२३ रोजी स्वतः मोरा यांचीही हत्या झाली.

मोरा यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चेरानमध्येही शस्त्रे होतीच. भेद होता तो एवढाच, की चेरानच्या पहारेकऱ्याला शेकोटीभोवती बसलेल्या शेजाऱ्यांसमोर जाब द्यावा लागे. ला रुआनातील बंदूकधाऱ्याला जाब विचारणारे कोणी उरले नव्हते. सरकारने त्याला गणवेश दिला, पण हिशेब मागणारी सभा काही दिली नाही. अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्या प्रत्येक समाजाने हा भेद ध्यानी ठेवावा.