नगरव्यवस्थापन, संवेदकाधारित
शहरातील पाणी, वीज, वाहतूक, कचरा इत्यादींची स्थिती परस्परांशी जोडलेल्या संवेदकांद्वारे सतत मोजून तीनुसार नागरी सेवांचे नियमन करण्याची पद्धती. संगणकीय माहितीवर नगरनियोजन आधारण्याचा एक आद्य प्रयत्न १९७० च्या दशकात अमेरिकेतील लॉस अँजेल्स नगरपालिकेने केला. त्या काळी अशी माहिती जनगणना, हवाई छायाचित्रे इत्यादींतून मिळे व ती लवकरच जुनी होई. पुढे स्वस्त संवेदक व बिनतारी जाळी उपलब्ध झाल्यावर ती क्षणोक्षणी मिळू लागली. स्पेनमधील सांतांदेर येथे २०१० नंतर सुमारे १२,००० संवेदकांचे जाळे उभारण्यात आले. वाहने उभी करण्याच्या मोकळ्या जागा, पथदीपांचा प्रकाश, उद्यानांतील जमिनीची आर्द्रता यांच्या नोंदींमुळे इंधन, वीज व पाणी यांचा अपव्यय टाळण्याचा मार्ग खुला झाला. टोराँटो (कॅनडा) येथील २०१७ मध्ये जाहीर झालेल्या अशाच योजनेस मात्र, नागरिकांविषयीच्या माहितीवर खाजगी कंपनीचा ताबा राहील, या भीतीने तीव्र विरोध झाला; २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन ती सोडून दिली. भारतात २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानातील पुण्यासह सर्व १०० शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रे स्थापन झाली. हे अभियान ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाले. जलवाहिनीतील गळती संवेदक दाखवू शकतो. ती बुजविण्यास निधी, कुशल कर्मचारी आणि उत्तरदायी नगरपालिकाच लागते.